एक वीत कमी

५ ऑक्टोबर १९८९, गुरुवार. खंडेनवमी चार दिवसांवर आली होती आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं भांडार रिकामं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. दादा पिलणकर मे महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्या जागी अजून कोणाला नेमलं नव्हतं. कार्यालयातल्या टंकलेखिकेला प्रयोगशाळेतलं काय कळतं, हा प्रश्न प्राचार्यांना पडला नाही. मी पदर खोचला, नाकाला रुमाल बांधला आणि कपाटं उघडली.

तळ गेलेल्या बाटल्या, चिरलेली नरसाळी, उंदरांनी कुरतडलेला गाळणकागद. सगळं यादीत लिहून बाहेर काढत होते. आम्लाच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक दोरी मिळाली. सुती, बोटाएवढी जाड, धुऊन पांढरीशुभ्र केलेली, मध्ये मध्ये गाठी मारलेली. पहिल्या गाठीवर हळदकुंकू होतं. वर्तमानपत्र गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं. म्हणजे १९८६ सालच्या त्या प्रकारानंतरही हा माणूस दोन वर्षं हिची पूजा करत होता.

मी दोरी खाली ठेवली आणि आधी हात धुतले. आम्लामुळे नव्हे.

दादा पिलणकर आमच्या कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेचे मदतनीस होते. उंच, काटकुळे, खाकी सदऱ्याला आम्लाच्या थेंबांनी पडलेली भोकं, उजव्या हाताची तीन बोटं कायमची पिवळी. मोजमापात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवे प्राध्यापकसुद्धा विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांनाच उभं करत. काचनळीची तोटी ते अशी फिरवत, की टोकाला अर्धा थेंब लोंबकळत राही आणि पडत नसे. "अर्धा थेंब म्हणजे अर्धा थेंब," असं म्हणून ते मुलांकडे बघत. त्या वेळी ते फार रुबाबदार दिसत, हे कबूल करते.

पाच वाजले, की हाच माणूस गडग्यावर जाऊन बसे.

आमच्या कॉलेजच्या मैदानाकडेला चिऱ्याच्या दगडांचा कमरेएवढा कुंपणाचा गडगा आहे. तो नेमका माझ्या खिडकीखाली. संध्याकाळी मैदानात कबड्डीचा सराव चाले आणि गडग्यावर कबड्डीची चर्चा. सराव दीड तास, चर्चा अडीच तास. मी सहापर्यंत टंकलेखन यंत्रासमोर असे, त्यामुळे इच्छा नसताना त्या चर्चेचं शिक्षण मला बारा वर्षं मिळालं. गडग्यावर कायमचे तीन. दादा, इतिहासाचे जोगळेकर सर आणि फाटकासमोरचे सायकल दुरुस्तीवाले इब्राहिमभाई. बाकीचे येऊनजाऊन. या तिघांपैकी एकानेही आयुष्यात एक चढाई केलेली नव्हती. जोगळेकर सरांना चष्मा काढला की समोरचा माणूस दिसत नसे, इब्राहिमभाईंचा एक पाय आखूड आणि दादांना लहानपणापासून दमा. कबड्डी हा दमाचा खेळ, आणि त्याबद्दल अधिकाराने बोलायला दमेकरी!

पान तिघेही खात. पिंक गडग्यामागे टाकत. मी एकदा खिडकीतून बोलले, तर दादा वर बघून शांतपणे म्हणाले, "ताई, चिरा लाल, पिंक लाल. दिसते कुठं?" दिसत नाही म्हणजे घाण नाही, हा त्यांचा हिशेब. ते वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढे ते मला वेगळ्या प्रसंगी आठवलं.

चर्चेचा विषय सहा वर्षं एकच होता. आमचा संघ शेवटच्या वितेला का मार खातो?

कबड्डी न कळणाऱ्यांसाठी सांगते. चढाईला गेलेला गडी समोरच्यांच्या अंगणात खोलवरच्या निदान रेषेपर्यंत जातो, कोणाला तरी शिवतो आणि मध्यरेषेकडे परततो. परतताना त्याला धरतात. धरला तरी त्याचा हात मध्यरेषेला लागला, तर गुण त्याचा. नाही लागला, तर गडी बाद. सामन्याचा निकाल पुष्कळदा त्या शेवटच्या हातभर जमिनीत लागतो. आमची मुलं तिथे येऊन थांबत. हात लांब केलेला, बोटं पसरलेली आणि रेषा एक वीत पुढे. चिपळूणला तसं झालं, राजापूरला झालं, देवरूखला तर एका सामन्यात तीनदा झालं. आणि गंमत अशी, की स्वतःच्या मैदानावर आम्ही कोणालाही हरवत होतो.

"सूर मारायला हवा होता," देवरूखच्या सामन्यानंतर जोगळेकर सर म्हणाले. "उभा माणूस हात लांबवतो, तेव्हा हातच पुढे जातो. आडवा पडला, की अख्खा माणूस पुढे जातो."

"सर, तुम्ही कधी खाटेवर तरी सूर मारलाय काय?" इब्राहिमभाई म्हणाले. "घोटा त्या कोपऱ्यावाल्याच्या हातात. सूर मारणार कसा? आधी पाय सोडव, मग हात टाक."

"पाय सोडवीपर्यंत दम सुटतो."

"मग सुटू दे. तोंडावर न आपटता दात तरी राहतील!"

दादा तोवर काही बोलत नसत. खिशातून बुचं काढत. बाटल्यांची लाकडी बुचं सात, ती बचाव करणाऱ्यांची. एक काळं रबरी बूच, तो आमचा गडी. गडग्याच्या सपाट दगडावर बुचं मांडून ते काळं बूच पिवळ्या बोटांनी सरकवत.

"वळसे नकोत, सूर नको, काही नको. दोघांच्या मधून थेट. असा. अंगावर चार जण पडू देत. एक वीत काय असते? छाती हवी, छाती."

"हाडं मोडतील त्याची, दादा."

"मोडू देत. हाडं जुळतात."

हाडं अर्थातच दुसऱ्याच्या पोराची. मला या बोलण्याची शिसारी यायची. बाजारात बांगड्यांची टोपली पुढ्यात ठेवून मासा ताजा की शिळा हे बोलावं, तशी ही माणसं पोरांच्या गुडघ्यांबद्दल, घोट्यांबद्दल, छातीबद्दल बोलायची. आणि मुलं ऐकायची. गडग्यापासून मैदान वीस पावलांवर. त्यांना सगळं ऐकू जाई.

पण नुसती शिसारी लिहिली, तर खोटं होईल. त्या मैदानावर दादांइतकं कोणी राबलं नाही. आमची जमीन कातळाची. पाऊस संपला, की खालून गाडीने लाल माती आणून कातळावर पसरावी लागते. ही माती दादा स्वतः चाळणीने चाळत, म्हणजे खडा राहून मुलांचे गुडघे फुटू नयेत. पहाटे पाचला येऊन पाणी मारत, चोपण्याने चोपत. एकदा शांताराम मांडवकर नावाच्या मुलाचा गुडघा फुटला, तेव्हा दादा त्याला खांद्यावर घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले आणि टाके घालून होईपर्यंत त्याचा हात धरून बसले. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच पुढचं जास्त झोंबतं.

आणि ती दोरी. मैदान आखायचा मान दादांचा. जुने जिमखान्याचे सर सोडून गेले, तेव्हा त्यांनी ही गाठी मारलेली दोरी दादांच्या हवाली केली होती. मध्यरेषेवर खुंटी ठोकायची, पहिली गाठ खुंटीला, दुसऱ्या गाठीवर निदान रेषा, तिसऱ्यावर शेवटची रेषा. मग दोरीवरून चुन्याची फक्की सोडायची. नवे घाग सर देशावरचे, कोल्हापूरकडून आलेले. त्यांनी पहिल्या वर्षी टेप आणली होती. दादा म्हणाले, "सर, ही दोरी तुमच्या नोकरीपेक्षा जुनी आहे." घाग सर बिचारे भिडस्त. टेप परत कपाटात गेली.

खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो. सुतार करवत पुजतो, मी माझं शिवणयंत्र पुजते. दादा दोरी पुजत. पण चुन्याने माखलेली दोरी देवापुढे कशी ठेवायची? म्हणून आदल्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मोठ्या पातेल्यात पाणी उकळत, त्यात रिठे टाकत आणि दोरी दोन तास शिजवत. हो, शिजवतच. मग चोळून, पिळून गडग्यावर उन्हात वाळवत. आधीच्या सरांनी ती दोरी जन्मात धुतली नव्हती. दादांनी दर वर्षी धुतली. मी दर वर्षी खिडकीतून बघत होते आणि मला काही सुचलं नाही. ही चूक माझी.

बाहेरचे संघ आमच्याकडे खेळायला येत, तेव्हा त्यांचे गडी मागे सरकताना हमखास शेवटच्या रेषेबाहेर पाय टाकून बाद होत. एकदा देवरूखच्या कप्तानाने दादांना विचारलं, "काका, तुमचं मैदान जरा लहान वाटतंय. मोजलंय ना?"

गडगा खदखदून हसला.

"हरलास म्हणून मैदान लहान झालं काय रे?" दादा म्हणाले. "घरी जाऊन आईला सांग, जेवायला कमी वाढ. तूच रुंद झालायस."

१९८६ सालच्या पावसानंतरची गोष्ट. शांताराम मांडवकर शेवटच्या वर्षाला होता. देवरूखच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला मुलगा. बाप मुंबईत गिरणीत होता, संपानंतर गिरणी सुरूच झाली नाही, तो घरी येऊन बसला होता. शांताराम अंगाने बेताचा, पण पाय असे, की त्याला धरायला सातही जण वळत. त्या वर्षी विद्यापीठाच्या संघाची निवड आमच्या जिल्ह्यातल्या सामन्यांवरून होणार होती. निवड झाली, तर खेळाडू म्हणून नोकरीला अर्ज करता येई. नाही झाली, तर चुलत्याबरोबर मुंबईला जाऊन मिळेल ते काम. त्याच्यापुढे एवढे दोनच रस्ते होते आणि ते सगळ्या कॉलेजला माहीत होते. गडग्यालाही.

सामने शनिवारपासून होते. त्या आधीच्या सोमवारी शांताराम माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला.

"बाई, माझा दाखला हवाय. कॉलेज सोडल्याचा."

"परीक्षा सहा महिन्यांवर आहे. आताच कशाला?"

"मुंबईस जातंय."

"आणि शनिवार?"

तो खिडकीतून खाली बघत राहिला. खाली गडगा रिकामा होता, तरी त्याने आवाज खाली आणला. "बाई, घरी हात पोचतो. डोळे मिटून टाकला, तरी पोचतो. निदान रेषेपासून किती पावलं, मग कधी झेप, सगळं अंगात बसलंय. भायेर गेलो की तेच करतो आणि रेषा पुढे असते. गडग्यावरची म्हणतात, छाती न्हाय. मी भेकडच असेन, बाई. नायतर असं कसं होईल?"

मी दाखला टंकायला घेतला नाही. त्याला म्हटलं, गुरुवारी ये. तो गेल्यावर मी घरून आणलेलं काम घेऊन बसले. संघाच्या मुलांच्या चड्ड्या शिवायचं काम मी दर वर्षी करते. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून आणलं होतं, आता बेतायचं होतं. न भिजवता बेतलं, तर पहिल्या धुण्यात आटतं आणि चड्डी मांडीत चढते. मी खडूने खूण केली आणि हात तसाच राहिला. डोळ्यांपुढे गडग्यावर वाळणारी दोरी आली.

ग्रंथालयातून नियमांचं पुस्तक आणलं. शिवणाची टेप घेतली आणि मैदानावर गेले. साडी मातीत लोळली. तीनदा मोजलं. मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंतचं अंतर पुस्तकातल्यापेक्षा एक वीत कमी होतं. माझी वीत, बाईमाणसाची. शेवटची रेषा त्याहून जास्त आत.

सहा वर्षं आमची पोरं आखूड मैदानावर घटवून घेतलेली पावलं घेऊन पूर्ण मैदानावर जात होती.

मंगळवारी सकाळी मी प्रयोगशाळेत गेले. दादा काचनळ्या धूत होते. मी सांगितलं. ते हसले.

"ताई, दोरी काय परकर आहे आटायला?"

"सुताचीच आहे ना? तुम्ही तर ती उकळता."

त्यांच्या हातातली नळी थांबली. त्यांनी ती जागेवर ठेवली, पोलादी पट्टी घेतली आणि माझ्याबरोबर मैदानावर आले. गुडघे टेकून त्यांनी ते अंतर पट्टीपट्टीने मोजलं. मग उलट्या बाजूने. मग परत. उठले तेव्हा तोंड उतरलं होतं. दम लागला होता.

"कोणाला बोललात?"

"नाही. आधी तुम्हाला."

"बरं केलंत. ताई, दोन दिवस द्या मला. मी स्वतः घाग सरांना सांगतो. गडग्यावरही सांगतो. माझ्या तोंडून जाऊ दे."

मला ते रास्त वाटलं. वयाने मोठा माणूस, इतक्या वर्षांची नोकरी, चूक स्वतःच्या तोंडून सांगतो म्हणतोय. मी दोन दिवस दिले. व्यवहार म्हणून सांगते, तेव्हाच घाग सरांकडे गेले असते, तर चार दिवसांत शांतारामची पावलं नव्याने बसली असती. मी भिडेला पडले. ते दोन दिवस माझ्या खात्यावर आहेत.

बुधवारी सकाळी कामावर आले, तर मैदानावर नव्या रेषा. मी टेप लावली. बरोबर होत्या, केसाचाही फरक नाही. जुन्या चुन्यावर चाळलेली लाल माती पसरून चोपून टाकली होती. माती लाल. दिसते कुठं?

मला वाटलं, सांगितलं असणार. काम झालं.

संध्याकाळी सराव सुरू झाला. शांताराम चढाईला गेला, निदान रेषा ओलांडली, कोपऱ्यावाल्याला शिवला, वळला, कंबरेला मिठी पडली, आणि त्याने न बघता नेहमीची झेप घेतली. हात एक वीत मागे पडला. स्वतःच्या मैदानावर. मुलगा तिथेच पालथा पडून त्या रेषेकडे बघत राहिला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा त्याने मध्येच दम सोडला.

"खलास," इब्राहिमभाई म्हणाले. "आता घरी पण नाही पोचत."

जोगळेकर सर म्हणाले, "मनाने खचला. शनिवारी याला उतरवणं म्हणजे विरोधकांना गुण वाटणं. दादा, तुमचं काय मत?"

मी यंत्रावरचे हात काढले. खिडकीतून मला दादांची मान दिसत होती आणि पिवळी बोटं. घाग सर गडग्याजवळ आले होते, हातात नावांचा कागद. तेही दादांच्या उत्तराची वाट बघत होते. काळं रबरी बूच दगडावर मध्येच उभं होतं. दादांनी ते उचललं आणि खिशात टाकलं.

"छाती नाही त्याला," दादा म्हणाले.

घाग सरांनी कागदावर रेघ ओढली.

मी खाली उतरले. घाग सरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दोरी, रिठे, वीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाटातली ती टेप आणून माझ्यादेखत मोजलं.

"बाई, बरोबर आहे की हो."

"आज बरोबर आहे. काल नव्हतं."

"काल तुम्ही शिवणाच्या टेपनं मोजलं असणार. ताणली जाते ती." ते समजुतीने हसले. "आणि दादा बसलेत तिथं. काय हो दादा, मैदान बदललं काय?"

"दर वर्षी दसऱ्याआधी आखतो. तसंच आखलंय," दादा म्हणाले. माझ्याकडे न बघता. मग त्यांनी गडग्यामागे पिंक टाकली.

शांतारामला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. दाखला टंकून तयार ठेवला होता, तो समोर ठेवला आणि म्हटलं, "तुझ्या छातीत काही कमी नाही. मैदान आखूड होतं. दादांना विचार. मी येते बरोबर."

तो बराच वेळ दाखल्याची घडी घालत राहिला. "मग दादा बोललं का न्हाय, बाई?"

"तेच विचार त्यांना."

"न्हाय वो. गुडघा फुटला तवा माझा हात धरून बसलेलं. त्यांना कसं विचारू?"

आणि गेला. मुंबईला चुलत्याच्या ओळखीने कुठेतरी मालाच्या गाड्या भरायच्या कामाला लागला. पुढच्या वर्षी आमचा संघ बाहेरही जिंकू लागला. साहजिक होतं. गडग्यावर त्याचं श्रेय दादांच्या 'थेट'ला मिळालं. मी त्यानंतर दादांशी कामापुरतं बोलत असे. त्यांनीही कधी विषय काढला नाही. मात्र नवी मुलं आली, की बुचं मांडून ते गोष्ट सांगत. "एक मांडवकर होता. काय पाय होते! पण एक वीत... छाती नाही." हे मी माझ्या खिडकीतून किती वेळा ऐकलं, त्याची मोजदाद ठेवली नाही. कोणाचा वीट यायला एवढं पुरे होतं.

तर ५ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमाराला मी भांडाराच्या दारात खोकी बांधत बसले होते आणि दादा आले. निवृत्तीनंतर वाकले होते. सदरा पांढरा होता, भोकं नसलेला. त्यामुळे अनोळखी वाटले. बोटं मात्र पिवळीच.

"ताई, आवराआवर चाललीय असं कळलं. एक दोरी असेल बघा आम्लाच्या कपाटात."

"आहे."

"तेवढी मला द्या. खंडेनवमी आहे. जुनी वस्तू, तुम्हाला काय उपयोग?"

दोरी माझ्या मांडीशेजारी होती, त्यांना दिसत होती. त्यांनी हात पुढे केला. मघापासून मी वाट बघत होते, की हा माणूस आता तरी दोन शब्द बोलेल. माझ्याजवळ नको, दोरीजवळ बोलावं. ते म्हणाले, "यादीत लिहिली नाहीत ना?"

"लिहिली."

"मग खोडा. एवढं काय त्यात? मांडवकर बरा आहे म्हणतात मुंबईत. झालं गेलं."

त्यांचा हात तसाच पुढे होता. अजिबात थरथरत नव्हता. अर्धा थेंब धरून ठेवणारा हात तो.

"दादा," मी म्हटलं, "उद्या नेहमीच्या वेळी गडग्यावर असणार ना तुम्ही?"

"असणार. जाणार कुठं?"

"मग उद्या तिथं मिळेल."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग दोरीकडे. हात खाली घेतला, धोतराच्या सोग्याला उगाच पुसला आणि व्हरांड्याच्या खांबांमधून सावकाश गेले. वळणावर थांबून खोकले. मला वाटलं, परत येतील. आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आले. मध्यरेषेवर खुंटी ठोकली, पहिली गाठ खुंटीला बांधली आणि दोरी ताणून यंदा टेपने आखलेल्या निदान रेषेकडे नेली. दुसरी गाठ रेषेच्या अलीकडे राहिली, एक वीत. गाठीवर चिऱ्याचा दगड ठेवला, म्हणजे वाऱ्याने हलायला नको, आणि उरलेली दोरी पलीकडे सोडून दिली. कुंकू पुसलं नाही. मग हातपाय धुऊन वर गेले, यंत्रावरचं कापड काढलं आणि खिडकी उघडली.